दुसऱ्या खुर्चीचा कारभार

लखनौहून हरदोई रस्त्याने पंचवीसएक किलोमीटर गेले की मलिहाबाद येते. दशहरीचे गाव. एकाच झाडावर तीनशेच्या वर जातींची कलमे बांधून पद्मश्री मिळवणारे कलीमुल्ला खान इथले, आणि शायर जोश पाकिस्तानात गेले तरी शेवटपर्यंत मलिहाबादीच राहिले. अलीकडे मात्र या पट्ट्यात आंब्याइतकीच चर्चा जमिनीची असते. शहर बागांच्या अंगावर येते आहे. झाडे जातात, प्लॉट पडतात, परवानगीविना भिंती उठतात, मग नोटीस येते आणि एखाद्या सकाळी बुलडोझर. या साऱ्या बोलण्यात एक नाव सारखे कानावर पडते : ‘वीसी साहब’. हे साहेब म्हणजे लखनौ विकास प्राधिकरणाचे उपाध्यक्ष.

प्राधिकरणाला अध्यक्षही आहेत, लखनौचे विभागीय आयुक्त. पण त्यांच्याकडे सबंध विभागाचा पसारा असतो. उत्तर प्रदेशाच्या १९७३ च्या नगर नियोजन व विकास कायद्याने उपाध्यक्षाचे पद पूर्णवेळ ठरवले आणि प्राधिकरणाच्या हद्दीत वीट रचायची तर लेखी परवानगी उपाध्यक्षाची हवी असे स्पष्ट लिहून ठेवले. बेकायदा बांधकाम पाडण्याचा आदेश काढण्याचा अधिकारही याच कायद्यात त्यांच्याकडे आहे. त्या आदेशाने ज्याचे नुकसान झाले त्याने तीस दिवसांत अपील करायचे, ते अध्यक्षांकडे. थोडक्यात, हात उपाध्यक्षाचा आणि कान अध्यक्षाचा. कुणाला ही रचना आवडेल, कुणाला नाही. पण कोण काय करतो हे हद्दीतल्या शेतकऱ्याला ठाऊक असते.

आता आपल्या गावातल्या विकास सोसायटीच्या भिंतीवरचा फलक पाहा. पहिल्या ओळीत चेअरमन, दुसऱ्या ओळीत ‘व्हा. चेअरमन’, खाली संचालक. या दुसऱ्या ओळीतल्या माणसाचे काम काय, असे त्यालाच विचारले तर तो हसतो. चेअरमन नसले की मी, एवढेच उत्तर. चेअरमन कधी नसतात? ते तर रोजच असतात.

एकाच नावाच्या या दोन खुर्च्यांमध्ये जे अंतर आहे ते या पुस्तकाचे क्षेत्र. मंडळ, महामंडळ, परिषद, सोसायटी, कारखाना, पंचायत, नाव काहीही असो, प्रमुखाच्या शेजारी एक दुसरी खुर्ची ठेवलेली असते. तिच्यावर मराठीत फार कमी लिहिले गेले. अध्यक्षांची चरित्रे आहेत, गौरवग्रंथ आहेत, त्यांच्या नावाची सभागृहे आहेत. उपाध्यक्ष सापडतो तो प्रोसिडिंग बुकात, तेही ‘अध्यक्ष गैरहजर असल्याने’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या वाक्यात.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. दुसऱ्या खुर्चीची किंमत तिच्यावर बसणाऱ्याच्या कर्तबगारीवर फार थोडी अवलंबून असते. नियमाने तिला स्वतःचे काम दिले आहे, की फक्त दुसऱ्याच्या गैरहजेरीची वाट पाहायला लावले आहे, यावर बहुतेक सगळे ठरते. काम दिले तिथे साधा माणूसही संस्था चालवून दाखवतो. काम दिले नाही तिथे ती खुर्ची नाराजांची सोय होते.

ही कल्पना आपल्याला नवी नाही. शिवकाळात अष्टप्रधान मोहिमेवर निघाले की त्यांच्या पदाचा कारभार मुतालिक पाहत. मुतालिकाला नेमलेले दफ्तर होते, शिक्का होता, कारकून होते. धनी लढाईवर असो वा घरी, दफ्तर चालू राहायचे. राजाराम महाराजांनी जिंजीत प्रतिनिधीपद निर्माण केले तेव्हा तर राजाच्या दुय्यमाला पेशव्याच्याही वर बसवले. म्हणजे दुसरा माणूस नेमायचा तर त्याला काम आणि दफ्तर दोन्ही द्यायचे, हे मराठी राज्यकारभाराला चांगले कळत होते.

एकोणिसाव्या शतकात सभा-संस्थांचा इंग्रजी नमुना आला आणि बरोबर दुसरीच परंपरा आली. तिच्यात उपाध्यक्ष म्हणजे सभेच्या खुर्चीचा राखीव धनी. अमेरिकेत हेन्री रॉबर्ट यांनी १८७६ मध्ये सभासंचालनाचे नियम छापले. त्यांच्या परंपरेतही उपाध्यक्षाचे मुख्य काम हेच : अध्यक्ष नसतील किंवा चर्चा खुद्द अध्यक्षांबद्दलच असेल तेव्हा खुर्ची घ्यायची. यातला दुसरा भाग फार मोलाचा आहे आणि आपण तो सोयीस्करपणे विसरलो. अध्यक्षांच्याच गाडीखर्चाचा ठराव अध्यक्षांच्याच अध्यक्षतेखाली मंजूर होतो तेव्हा शेजारचा उपाध्यक्ष चहाचा कप फिरवत बसलेला असतो.

पुण्याची सार्वजनिक सभा १८७० ची. तिचे पहिले अध्यक्ष औंधचे पंतप्रतिनिधी. सभेचा गाडा ओढला गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काकांनी, आणि पुढे न्यायमूर्ती रानड्यांनी. राजाचे दुय्यम म्हणून जे घराणे उभे राहिले तेच सुमारे पावणेदोन शतकांनी शोभेच्या अध्यक्षपदावर बसले, हा इतिहासाचा एक गमतीचा फेरा. पण त्यातून मराठी संस्थांची एक सवय पक्की झाली. वर मोठे नाव, कामाला दुसरा. पुढे या दुसऱ्याला आपण ‘कार्याध्यक्ष’ म्हणू लागलो. महाराष्ट्र साहित्य परिषदेत आजही अध्यक्षांच्या बरोबरीने कार्याध्यक्ष आणि प्रमुख कार्यवाह असतात आणि रोजचा कारभार कुणाकडे असतो हे तिथे पायरी चढणाऱ्या कुणालाही ठाऊक असते. कार्याध्यक्ष हे मला मराठी संस्थाजीवनाचे एक शहाणे उत्तर वाटते. मोठ्या नावाचा मान राहतो आणि कामाचा माणूस ‘उप’ म्हणून खालीही येत नाही. मात्र ज्या संस्थेत अध्यक्ष, कार्याध्यक्ष, उपाध्यक्ष असे तिघेही असतात तिथे तिसऱ्याने काय करायचे, हा प्रश्न उरतोच.

या क्षेत्रातला सर्वांत सुंदर नमुना मात्र साहित्यात नाही, उसाच्या फडात आहे. नगर जिल्ह्यातल्या लोणी परिसरात प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले. विठ्ठलराव विखे पाटील हे त्या कल्पनेमागचे शेतकरी. गावोगाव हिंडून त्यांनी शेअर गोळा केले. चेअरमन मात्र झाले पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ, आणि विखे पाटील व्हाईस चेअरमन. आजच्या हिशेबाने ही उलटी गोष्ट आहे. शेअर जमवणारा, लोक ओळखणारा, गावचा माणूस दुसऱ्या खुर्चीवर. आणि पहिल्या खुर्चीवर पुण्याचा अर्थशास्त्रज्ञ, ज्याच्या मागे मतांचा एक गठ्ठाही नाही.

पण नीट पाहिले तर यात दोघांनीही कामाची वाटणी केली होती. सरकार, बँक, भांडवल, यंत्रसामग्री, हिशेबाची शिस्त या बाजूला गाडगिळांचा शब्द चालायचा. सभासद, ऊस, गावातली भांडणे, विश्वास ही बाजू विखे पाटलांची. पुण्यात बसलेल्या माणसाला ‘तुमचा ऊस दुसरीकडे घालू नका’ असे शेतकऱ्याला सांगता आले नसते. लोणीत बसलेल्या माणसाला मुंबईच्या सचिवालयात ताळेबंद पटवता आला नसता. जवळजवळ दशकभर ही जोडी टिकली आणि मग चेअरमनपद विखे पाटलांकडे आले. दुसऱ्या खुर्चीवर काढलेली ती वर्षे त्यांची उमेदवारी होती असे मी म्हणणार नाही. ते आधीपासूनच तयार होते. ती वर्षे कारखान्याच्या पायाभरणीची होती, आणि पाया भरताना आपले नाव पहिले हवे असा हट्ट त्यांनी धरला नाही. सहकारी साखर कारखानदारीवर पुढे कितीही टीका झाली, रास्तही झाली, तरी ही सुरुवात विसरून चालणार नाही.

या गोष्टीचा उत्तरार्ध दिल्लीत आहे. प्रवरेचे पहिले चेअरमन गाडगीळ १९६७ मध्ये स्वतःच दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसले. ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. आयोगाचा अध्यक्ष पंतप्रधान. म्हणजे त्या वेळी इंदिरा गांधी. १९५० मध्ये मंत्रिमंडळाच्या साध्या ठरावाने स्थापन झालेल्या या आयोगाचा संविधानात उल्लेख नव्हता आणि त्यासाठी कायदाही नव्हता. तरी देशातल्या सर्वांत वजनदार उपाध्यक्षपदांत त्याची गणना व्हायची, कारण अध्यक्षाला वेळ नव्हता आणि राज्यांना द्यायचा पैसा आयोगाच्या हातातून जात होता. गाडगीळ मंत्री नव्हते, राजकारणी नव्हते. त्यांनी राज्यांना केंद्रीय मदत वाटण्याचे एक सूत्र मांडले, ते १९६९ मध्ये मान्य झाले : साठ टक्के भार लोकसंख्येला, दरडोई उत्पन्न, करवसुलीचा प्रयत्न, चालू असलेले मोठे पाटबंधारे व वीज प्रकल्प आणि राज्यांच्या खास अडचणी यांना प्रत्येकी दहा टक्के. तोवर कुणाला किती हे बरेचसे दिल्लीच्या मर्जीवर चालायचे. ‘गाडगीळ सूत्र’ दुरुस्त्यांसह पुढे कितीतरी वर्षे चालले. भारताच्या संघराज्याच्या इतिहासात एका उपाध्यक्षाच्या नावाने एखादे सूत्र ओळखले जावे, हे एवढे एकच उदाहरण मला माहीत आहे.

१९७१ मध्ये इंदिरा गांधी मोठ्या बहुमताने परतल्या, आयोगाची फेररचना झाली, गाडगिळांनी पद सोडले आणि पुण्याला परतताना प्रवासातच त्यांचे निधन झाले. उपाध्यक्षाची ताकद अध्यक्षाच्या फुरसतीच्या अभावावर उभी असली की अध्यक्षाला एक दिवस फुरसत मिळते, हेही त्यातून दिसले. पुढे मधू दंडवते आणि मोहन धारिया ही मराठी माणसेही त्या खुर्चीवर बसली. २०१५ मध्ये आयोग जाऊन नीती आयोग आला; अध्यक्ष पंतप्रधान आणि उपाध्यक्ष वेगळा, ही मांडणी तशीच ठेवली गेली. पैसा वाटण्याचे काम मात्र गेले आणि त्याबरोबर खुर्चीचे वजनही उतरले. काम काढून घ्या, नाव तेच ठेवा, काय होते ते पाहा. याहून स्वच्छ प्रयोग कुणाला करता आला नसता.

रिझर्व्ह बँकेचे उदाहरण याच जातीचे, पण कायद्याने घट्ट बांधलेले. चिंतामणराव देशमुख १९४१ मध्ये डेप्युटी गव्हर्नर झाले. १९४३ च्या फेब्रुवारीत गव्हर्नर जेम्स टेलर वारले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये देशमुख बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. या बँकेच्या कायद्यात दुय्यमाबद्दल एक कलम आहे, ते प्रत्येक संस्थेच्या सचिवाने एकदा वाचावे. डेप्युटी गव्हर्नर केंद्रीय मंडळाच्या सभेला बसू शकतो, चर्चेत भाग घेऊ शकतो, पण त्याला मत नाही. गव्हर्नर हजर नसतील आणि त्यांनी लेखी अधिकार दिला असेल, तरच त्यांच्या वतीने मत. बोलायचे स्वातंत्र्य, मताला लगाम, आणि लगाम कधी सुटतो हेही कागदावर. कुणाला हा अपमान वाटेल. मला यात स्पष्टपणा दिसतो.

महाराष्ट्रातली महामंडळे हीच वाट वेगळ्या तऱ्हेने चालतात. सिडको, म्हाडा, एसटी इथे ‘उपाध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक’ किंवा ‘उपाध्यक्ष व मुख्य कार्यकारी अधिकारी’ अशी जोडपदवी लावलेला सनदी अधिकारी असतो. अध्यक्षपद राजकीय, एसटीत तर अनेकदा परिवहनमंत्र्यांकडेच. घर लागलेल्या माणसाला ताबा देणारी, गाड्यांच्या खरेदीची फाइल पुढे सरकवणारी सही उपाध्यक्षाच्या कार्यालयातून येते. लखनौचे ‘वीसी साहब’ याच कुळातले. दिल्ली विकास प्राधिकरणातही अध्यक्ष नायब राज्यपाल आणि कारभारी उपाध्यक्ष. हा कर्त्या उपाध्यक्षांचा संप्रदाय म्हणू या. आपल्या महामंडळांत त्याचा दोषही उघड आहे : निवडून आलेला माणूस वर शोभेला आणि नेमलेला माणूस खाली कर्ता. लोकांनी जाब विचारायचा कुणाला?

आता गावाकडे येऊ, कारण हा विषय खरा तापतो तो तिथे.

उपसरपंचाची निवड म्हणजे काय प्रकार असतो हे ज्याने पाहिले आहे त्याला वर्णनाची गरज नाही. पहिल्या सभेच्या आधी काही सदस्य गावातून नाहीसे होतात. ‘सहलीला’ गेलेले असतात, महाबळेश्वरला नाहीतर गोव्याला, मोबाइल बंद. सभेच्या दिवशी गाड्या थेट ग्रामपंचायतीच्या दारात येऊन थांबतात. अर्ज, छाननी, कुणी मागणी केली तर चिठ्ठीवर गुप्त मतदान, आणि अर्ध्या तासात बाहेर हलगी आणि गुलाल. एवढा खर्च कशासाठी, तर ज्या पदाला चेकवर सहीदेखील नाही अशा पदासाठी. ग्रामनिधीचा चेक सरपंच आणि ग्रामसेवक यांच्या सहीने वटतो. मग उपसरपंचपदासाठी एवढी झटापट का?

याचे उत्तर आरक्षणात आहे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने सरपंचपदे स्त्रियांसाठी, अनुसूचित जाती-जमातींसाठी आरक्षित झाली; महाराष्ट्रात २०११ पासून स्त्रियांचा वाटा निम्मा. उपसरपंचपदाला आरक्षण नाही. गावातल्या ज्या घराण्याचा कारभार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला त्याला समोरचे दार बंद झाले तेव्हा त्याने बाजूचे दार पाहिले. सरपंच म्हणून कुणाला तरी निवडून आणायचे आणि आपण उपसरपंच होऊन बसायचे. पंचायत समितीचा अधिकारी गावात आला की त्याच्यासाठी खुर्ची उपसरपंच ओढतो, बोलतो उपसरपंच, आणि सरपंचबाई दाराशी उभ्या. ‘सही बाईंची, कारभार अण्णांचा’ हे वाक्य कितीतरी तालुक्यांत ऐकू येते. याची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. याच उपसरपंचपदावर बसून अनेक बायका कारभार शिकल्या आणि पुढच्या पाच वर्षांत खुल्या जागेवर सरपंच झाल्या. दुसरी खुर्ची काहींना मागचे दार ठरली, काहींना शाळा. कायद्याने मात्र ती दोघांसाठी सारखीच रिकामी ठेवली.

सरपंच आणि नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायचे की सदस्यांनी, यावर महाराष्ट्राने बरेच हेलकावे खाल्ले. नगराध्यक्षांची थेट निवड २०१६ मध्ये आणि सरपंचांची २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये दोन्ही गेल्या, २०२२ मध्ये दोन्ही परत आल्या. या गोंधळात उपाध्यक्षाचे पद गुपचूप बदलले आणि फारसे कुणाच्या लक्षात आले नाही. प्रमुख जनतेने निवडलेला आणि दुय्यम सभागृहाने निवडलेला, अशा वेळी दुय्यम हा प्रमुखाचा मदतनीस राहत नाही. सभागृहात बहुमत दुसऱ्या गटाचे असेल तर उपाध्यक्ष हा त्या बहुमताचा पुढारी होतो, आणि नगराध्यक्षांच्या शेजारच्या खुर्चीवर त्यांचा विरोधक बसतो. आपले नियम मात्र अजूनही दोघे एकाच पॅनेलचे आहेत असे धरून लिहिलेले आहेत.

जिल्हा परिषदेचा १९६१ चा कायदा या बाबतीत जरा शहाणा. तिथे उपाध्यक्षाच्या पदरात विषय समिती पडते, त्यामुळे त्याच्याकडे शिक्षकांच्या प्रश्नांचे किंवा शेतकी योजनांचे खरोखरीचे कागद येतात. उपमहापौराच्या नशिबी तेही नाही. मुंबईत महापौरालाच कार्यकारी अधिकार नाहीत, ते आयुक्तांकडे. तिजोरीची किल्ली स्थायी समितीच्या अध्यक्षाकडे. मग उपमहापौराच्या वाट्याला नामफलक आणि गाडी एवढेच उरते.

इथून पुढचा प्रकार वाटपाचा. ‘सव्वा-सव्वा वर्ष’ हा शब्दप्रयोग ज्या सहकारी बँकेच्या किंवा बाजार समितीच्या संचालकाने ऐकला नाही तो संचालकच नव्हे. पाच वर्षांच्या मुदतीचे चार तुकडे करायचे, प्रत्येक गटाला एक सव्वा वर्ष, ठरल्या तारखेला राजीनामा. राजीनामा वेळेवर आला नाही की अविश्वास ठराव. उपाध्यक्ष, उपसभापती, व्हाईस चेअरमन ही पदे या हिशेबात सुट्ट्या पैशासारखी वापरली जातात. राजकीय पक्षांच्या जिल्हा कार्यकारिणीत आणि गणेश मंडळांच्या अहवालात उपाध्यक्षांची रांग लागते, ती याच न्यायाने. कुणाला दुखवायचे नाही म्हणून दिलेल्या पदाकडून कुणी कामाची अपेक्षा करत नाही आणि तोही करत नाही. दोन्ही पक्ष प्रामाणिक असतात.

याउलट गृहनिर्माण संस्था पाहा. आदर्श उपविधींप्रमाणे तिथे पदाधिकारी तीन : अध्यक्ष, सचिव, खजिनदार. अध्यक्ष आले नाहीत तर हजर असलेल्यांनी आपल्यातला एक निवडून सभा चालवायची. उपाध्यक्ष लागतच नाही. हे मला या साऱ्या विषयावरचे सर्वांत प्रामाणिक मत वाटते. फक्त सभेच्या खुर्चीपुरता माणूस हवा असेल तर त्यासाठी पाच वर्षांचे पद कशाला?

तरीही पहिली खुर्ची रिकामी राहिली की दुसरीवर काय येऊन पडते, हे आपण विधिमंडळात जवळून पाहिले. २०२१ च्या फेब्रुवारीत विधानसभेचे अध्यक्ष नाना पटोले यांनी राजीनामा दिला आणि जुलै २०२२ पर्यंत सभागृह उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी सांभाळले. त्या काळाच्या शेवटी त्यांनी आमदारांना काढलेल्या अपात्रतेच्या नोटिसांवरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापर्यंत गेले. विधान परिषदेत २०२२ च्या जुलैपासून २०२४ च्या डिसेंबरपर्यंत सभापतीच नव्हते. कामकाज उपसभापती नीलम गोऱ्हे यांनी चालवले. या दोन्ही प्रसंगांचे राजकारण बाजूला ठेवले तरी एवढे दिसते की गैरहजेरीसाठी म्हणून नेमलेल्या माणसाच्या हातात सर्वांत कठीण दिवस येतात. आणि लोकसभा? २०१९ ते २०२४ या पूर्ण कार्यकाळात तिने उपाध्यक्ष निवडलाच नाही, संविधानात ‘शक्य तितक्या लवकर’ निवडा असे लिहिलेले असूनही.

खासगी कंपन्यांच्या जगाने या प्रश्नाचे वेगळे उत्तर शोधले. ब्रिटनमध्ये २००३ च्या हिग्ज अहवालानंतर मंडळात एक ज्येष्ठ स्वतंत्र संचालक असावा अशी पद्धत रूढ झाली. अध्यक्षांशी बोलून न सुटलेली तक्रार भागधारकांनी त्याच्याकडे न्यायची, आणि वर्षातून एकदा अध्यक्षांच्या कामाचे मूल्यमापन त्याने इतर संचालकांना घेऊन करायचे, तेही अध्यक्षांना बाहेर ठेवून. गैरहजेरीची वाट न पाहता हजर अध्यक्षाची परीक्षा घेणारा दुय्यम. आपल्या नागरी सहकारी बँकांमध्ये, जिथे एकच माणूस पंधरा-पंधरा वर्षे चेअरमन राहिला आणि बुडीत कर्जे ठेवीदारांना शेवटी वर्तमानपत्रातून कळली, तिथे असा एखादा उपाध्यक्ष असता तर काय झाले असते, हा प्रश्न मी वाचकांवर सोडतो.

हा विषय आत्ताच का, याचे उत्तर वर बरेचसे आले. त्यात एवढीच भर घालतो. २०२२ पासून राज्यातल्या असंख्य महापालिका, जिल्हा परिषदा आणि नगरपालिका वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती होत्या. प्रशासक एकटा असतो, त्याला उपाध्यक्ष नसतो. सभागृहे पुन्हा भरत असताना जुनीच मांडणी जशीच्या तशी उचलायची, की दुसऱ्या खुर्चीला या वेळी काही काम द्यायचे, हे ठरवण्याची संधी आहे. सहकारातही सत्त्याण्णवाव्या घटनादुरुस्तीनंतर संचालकांची संख्या आणि मुदत ठरवून दिली गेली, निवडणुकांसाठी वेगळे प्राधिकरण आले. पण निवडून आलेल्या दुसऱ्या माणसाने सकाळी संस्थेत येऊन काय करायचे, हे अजून कुणी ठरवले नाही.

हे पुस्तक हस्तपुस्तिका नाही. कायद्याची कलमे पाठ करायची असतील तर त्यासाठी बाजारात चांगली पुस्तके आहेत. हा गौरवग्रंथही नाही. इथले लेखक निरनिराळ्या खुर्च्यांच्या आसपास वावरलेले आहेत : कुणी कारखान्यात, कुणी पंचायतीत, कुणी महामंडळाच्या कार्यालयात, कुणी ग्रंथालयाच्या कार्यकारिणीत. मलिहाबाद-काकोरीचा बागपट्टा आम्ही मुद्दाम घेतला. उपाध्यक्ष म्हणजे शोभेचा, ही मराठी वाचकाची समजूत तिथे पहिल्याच पानावर मोडते. सगळ्यांचे एकमत नाही, ते व्हावे असा आग्रहही धरला नाही. कर्ता उपाध्यक्ष लोकशाहीला घातक आहे असे म्हणणारे यात आहेत, आणि निवडून आलेल्या मंडळावर एका कर्त्या दुय्यमाचा वचक हवाच असे म्हणणारेही. माझा कल कुठे आहे हे एव्हाना लक्षात आलेच असेल; म्हणून संपादन करताना दुसऱ्या बाजूच्या लेखांना मी हात कमी लावला. गाडगीळ-विखे जोडीबद्दल मात्र बहुतेक प्रत्येक लेखात काही ना काही आले आहे. ती पुनरुक्ती आम्ही काढली नाही.

आपण कुठल्याही संस्थेचे सभासद असाल, तर कपाटातून उपविधींची प्रत काढा आणि उपाध्यक्षाचे कलम वाचा. ‘अध्यक्षांच्या गैरहजेरीत’ याच्या पुढे त्यात काही नसेल, तर एक काम सुचवा. वसुलीचा आढावा म्हणा, तक्रारींची नोंदवही म्हणा, नव्या सभासदांचे अर्ज म्हणा, नाहीतर अध्यक्षांच्या खर्चाची तपासणी म्हणा. एकच सुचवा, पण ते लेखी असू द्या. सहकारी संस्थेत उपविधी दुरुस्तीला सर्वसाधारण सभेचा ठराव आणि निबंधकांची मंजुरी लागते. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होते. तेव्हा आपली सूचना सभेची नोटीस निघण्यापूर्वी सचिवांच्या हाती पडेल एवढे पाहा, आणि तिची पोच घ्यायला विसरू नका.